टेकडी अजून उघडली नाही

आमच्या साडूंइतका परवानगी मागणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नाही, आणि चुकून असलाच तर तो सापडण्याआधी ‘सापडू का?’ म्हणून विचारून घेईल. माणसांकडे मात्र ते कधीच परवानगी मागत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. वाशीमच्या माझ्या औषधाच्या दुकानात ते काउंटरची फळी उचलून सरळ आत येतात, माझ्याच खुर्चीत बसतात, माझा डबा उघडून भाजी कसली आहे ते पाहतात आणि आवडली तर संपवतात. परवानगी मागतात ती झाडांना. दात घासायला लिंबाची काडी मोडायची असली तरी आधी बुंध्याला हात लावून क्षणभर उभे राहतात, ओठ हलवतात आणि मग उत्तराची वाट पाहतात. उत्तर येतं, असं त्यांचं म्हणणं आहे. एकदा आमच्याकडे मुक्कामाला असताना हिनं त्यांना परसातला कढीपत्ता आणायला पाठवलं. कढईत तेल तापलेलं, मोहरी तडतडलेली, आणि हे कढीपत्त्यापुढे हात जोडून उभे. ही आतून हाका मारते आहे, मी ओसरीवरून खुणा करतो आहे, पण ह्यांची समाधी काही उतरेना. शेवटी रिकाम्या हातानं आत आले आणि म्हणाले, “दिवस बुडाला. झाड झोपलं आता. निजलेल्याले कसं उठवू?” त्या दिवशीचं वरण जळक्या मोहरीचं झालं. आम्ही नाक मुरडून जेवलो. त्यांनी दोनदा मागून घेतलं.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार मेडशीचे, घरची सोयाबीन आणि तुरीची बऱ्यापैकी शेती. ते मला साडभाऊ म्हणतात, मी त्यांना भाऊजी म्हणतो, कारण वयानं ते माझ्याहून पुष्कळ मोठे आहेत. उंच, वाळकी अंगलट, डोक्याला बारा महिने पांढरा दुपट्टा आणि सदऱ्याच्या दोन्ही खिशांत बिया. कसल्या ते विचारू नये, विचारलं की ते एकेक काढून दाखवतात आणि आपली बस चुकते. सदरा खुंटीला अडकवला की खिशातल्या बिया सांडतात, त्यामुळे पावसाळ्यात ताईंच्या घरात फरशीच्या फटींतून काही ना काही उगवत असतं. हा छंद त्यांना उतारवयात लागला. दोन्ही मुलांनी शेती हातात घेतली, ही तशी कौतुकाचीच गोष्ट, पण त्या पोरांनी बापाला एकाएकी रिकामं केलं. रिकामा झालेला शेतकरी काय करील याचा नेम नसतो. कुणी देवळात जाऊन बसतो, कुणी पारावर पत्ते कुटतो. हे टेकडीवर जाऊन बसले.

त्यांच्या वावराचा पूर्वेकडचा धुरा, म्हणजे बांध, संपला की टेकडी चढायला लागते आणि तिथूनच जंगल सुरू होतं. साग, धावडा, सालई, मोह, बिब्बा आणि चारोळी. पलीकडच्या अंगाला आंध आदिवासींची एक लहानशी वस्ती आहे. चारोळीचं फळ, वस्तीवर त्याला चार म्हणतात, उन्हाळ्यात पिकतं. वाटाण्याएवढं, पिकल्यावर काळंजांभळं, वरचा गर गोड, आणि आतलं कवच फोडलं की आपण बासुंदीवर घालतो ती चारोळी. या वस्तीची एक रीत आहे. झाडांना फळ धरलं की टेकडी बंद. बंदीच्या दिवसांत टेकडीवर हिंडाफिरायला हरकत नाही, पण चारोळीचं फळ कुणी तोडायचं नाही की चाखायचं नाही. वस्तीतली सगळ्यांत जाणती बाई म्हणजे गिरजामाय. ती अधूनमधून वर जाऊन पाहून येते. एके दिवशी तिची खात्री पटते. मग ती सगळ्यांत थोरल्या चारोळीच्या झाडाखाली दगडाच्या देवाला पहिली ओंजळ वाहते, एक फळ स्वतः खाते, त्याची बी मातीत पुरते आणि वस्तीला हाक देते. टेकडी उघडली. मग सगळी वस्ती टोपल्या घेऊन चढते. फांदी मोडायची नाही, शेंड्यावरची फळं पाखरांना सोडायची. आणि उघडण्याआधी जो कुणी चाखेल त्याला दंड एकच, पुढच्या वर्षीच्या उघडणीपर्यंत टेकडीवर पाऊल टाकायचं नाही. यात एवढं काय आहे, असं मी एकदा बोलून गेलो, तेव्हा साडू माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहू लागले. “कच्चं फळ तोडलं तं बी रुजत नाई साडभाऊ. आपन शेतकरी दरसाल बियानं इकत आनतो. जंगलानं कोन्या दुकानात जावं?”

रीत वस्तीची. साडू शेतकऱ्याच्या घरातले, वस्तीवरची माणसं त्यांना पाटील म्हणतात. पण वस्तीनं पाळली नसेल इतकी ती रीत यांनी पाळली, आणि नुसती टेकडीवर नव्हे तर जिथं जातील तिथं. माझ्या पुतणीचा साखरपुडा वाशीमला मंगल कार्यालयात होता. जेवणात बासुंदी. वाढप्याला थांबवून साडूंनी विचारलं, “ही चारोळी उघडल्यावरची हाये का आंधीची?” वाढपी गोंधळला, आत जाऊन आला आणि म्हणाला, पाकिटातली आहे. यांचं समाधान झालं नाही. त्यांनी बासुंदीतली एकेक चारोळी बोटानं काढून उजेडाकडे धरायची आणि ताटाच्या कडेला ठेवायची, असा कार्यक्रम सुरू केला. समोरच्या पंगतीत मुलाकडची मंडळी बसली होती. त्यांना वाटलं, यांना बासुंदीत काहीतरी सापडलं. एकानं वाटी बाजूला सरकवली, ते पाहून दुसऱ्यानं सरकवली, आणि बघता बघता अख्खी पंगत बासुंदी नको म्हणू लागली. मुलाचे मामा मला कोपऱ्यात घेऊन गेले आणि हळूच विचारू लागले, “किडा होता का हो?” मी म्हणालो, “छे छे, परवानगी नव्हती.” त्यावर ते आणखीच घाबरले. सोयरीक टिकली हे त्या मुलीचं नशीब.

माझ्या दुकानात तर मी त्यांना फिरत्या विक्रेत्यांपासून लांब ठेवतो. एकदा एक तरुण च्यवनप्राशाची बाटली घेऊन त्याचे गुण सांगत होता. साडूंनी ती हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवून चारही बाजूंनी वाचली आणि परत दिली. “आवळा कोनं तोडला, कवा तोडला, काईच लिहेल नाई यावर.” तो तरुण म्हणाला, काका, एक्सपायरी लिहिली आहे ना. “मेल्याची तारीख सांगून राह्यला,” साडू मला म्हणाले, “जल्माची इचारली तं माईत नाई.” त्या कंपनीचा माणूस पुन्हा माझ्याकडे फिरकला नाही.

गिरजामायवर त्यांची निष्ठा विलक्षण. ती एवढीशी म्हातारी, तोंडानं तिखट, आणि साडूंची थट्टा करण्यात तिला भारी मजा वाटते. “पाटील आमच्यापेक्षा जास्त आमचे होऊन राह्यले,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. हे तिच्या मागे मागे हिंडतात आणि ती काय तोडते, काय सोडते ते पाहतात. तिच्या प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी खोल ज्ञान असतं असा त्यांचा पक्का समज. ती थोरल्या झाडाच्या उगवतीकडच्या एका फांदीची फळं कधीच तोडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यावर त्यांनी विचार केला. उगवतीचं ऊन, पाखरांची वाट, वाऱ्याची दिशा, असं बरंच काही जमवून ते आम्हा सगळ्यांना वर्षभर ऐकवत होते. एकदा मी सोबत असताना त्यांनी भक्तिभावानं गिरजामायला विचारलं, “माय, थे उगवतीची फांदी तू काहून सोडते?” ती म्हणाली, “माहा हात पुरत नाई तिथवर.” साडू माझ्याकडे वळून म्हणाले, “पाह्यलं साडभाऊ? हात पुरते तेवढंच घ्यावं.” आता अशा माणसापुढे बोलायचं काय?

तर अशा या माणसावर मागच्या उन्हाळ्यात संकट आलं. शेजारच्या एका टेकडीवर कच्ची चारोळी विकत घेणारा व्यापारी टेम्पो घेऊन येऊ लागला होता. लोकांनी हिरवी फळं ओरबाडली, वरची काढता येईनात म्हणून फांद्याच कापून खाली टाकल्या, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत ती टेकडी बोडकी झाली. तिथलं संपलं तसा टेम्पो या बाजूला आला. वस्तीतली तरणी माणसं चुळबुळ करू लागली. त्यांचा म्होरक्या किसन, गिरजामायचा पुतण्या, बायकापोरांचा धनी, समजूतदार माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं. आपण थांबलो तर बाहेरचे येऊन ओरबाडून नेणार, मग थांबायचं कशाला? साडूंनी मला फोन केला. “साडभाऊ, उद्या टेकडीवर फैसला हाये. तुमी या. सायन्स शिकेल मानूस पाह्यजे.” औषधं विकायचा आणि चारोळीचा संबंध काय, हे विचारायच्या आत फोन बंद. मी दुकान भावावर टाकलं आणि एसटीनं मेडशीला गेलो.

ऐन उन्हाची वेळ. पुढे साडू, मागे किसन आणि त्याचे सोबती, आणि सगळ्यांच्या शेवटी मी, दर झाडाला सावली किती पडली आहे ते पाहत. थोरल्या झाडाखाली सगळे थांबले. किसननं वर बोट दाखवलं. “पाटील, तुमीच पाहा. रंग फिरला. काळी पडून राह्यली चार. माय उगीच थांबवते. टेम्पो उद्या दुसऱ्या गावाले जाईन, अन् बाहेरचे येऊन समदं खरडून नेतीन. मंग आमी कोनासाठी थांबलो?” खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं पटलं होतं. पण साडू शांत होते. उत्तर तयार असलेल्या माणसासारखे ते हसले. खाली पडलेलं एक फळ त्यांनी उचललं, दुपट्ट्याला पुसलं आणि बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. मग पंधरा ऑगस्टला मास्तर बोलतात तसं बोलणं सुरू केलं. रंगानं भुलू नका, रंग उन्हानंही फिरतो, गर बीपासून सुटला पाहिजे, बोटानं दाबलं तर रस आला पाहिजे. “पन हे समदं वरवरचं,” ते म्हणाले, “पिकलं का नाई हे खरं सांगते थे जीभ.” आणि ते फळ तोंडात टाकून त्यांनी दातानं फोडलं. “आंबट. करकरीत आंबट. मी काय म्हनत होतो? मायचंच खरं. अजून टाइम हाये.”

त्यांनी मोठ्या समाधानानं सगळ्यांकडे पाहिलं. किसन त्यांच्या तोंडाकडे पाहत होता, बाकीचे किसनकडे. हे सगळे असे का पाहताहेत ते आधी मलाही कळेना. मग कळलं. साडूंना सगळ्यांच्या शेवटी कळलं. गालात फळ तसंच होतं, ते गिळता येईना की थुंकता येईना. अखेर त्यांनी ते तळहातावर काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिले.

“किसन,” ते म्हणाले, “मी चाखलं का रे?”

“चाखलं पाटील.”

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. बंदी त्या घडीपासून लागू झाली असं धरून ते टेकडीवरून इतक्या घाईनं उतरायला लागले की आम्हाला त्यांच्यामागे पळावं लागलं. गिरजामाय दारापुढच्या सावलीत पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. हे तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. “माय, मी चाखलं.” तिला आधी उमजेना. “काहून चाखलं?” “कच्चं हाये हे पोट्ट्यायले दाखवाले.” “मंग, होतं का कच्चं?” “होतं.” यावर गिरजामाय हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला, सुनेनं पाणी आणून दिलं, ते पिऊन ती पुन्हा हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “जाऊ द्या पाटील. तुमाले कायचा दंड? दंड आमच्या मानसाले असते. तुमी कुठं आमच्यातले? घरी जा, च्या प्या.”

मी मनात हुश्श केलं. सुटलो, आता संध्याकाळची बस मिळेल, असा माझा हिशोब. पण साडूंकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पार उतरून गेला होता. घरची विहीर खोल खोल खणून कोरडी निघाली, तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. दुपट्टा काढून हातात धरला होता आणि ते त्याच्या दशा ओढत उभे होते. “मंग मी कोनाचा, माय?” ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मलासुद्धा वाटलं की आता या म्हातारीनं काहीतरी बोलावं, कठोर का होईना, पण बोलावं.

बोलला किसन. “माय, पाटलाले सोडलं तं मी बी उद्या चढतो. मले बी कच्चं हाये का पिकलं हाये थे पाहाचं हाये.” दोघे-तिघे हसले. गिरजामाय हसली नाही. तिनं हातातलं पान खाली ठेवलं, आधी किसनकडे पाहिलं, मग साडूंकडे. “पाटील, ऐका मंग. पुढच्या सालच्या उघडनीपरेंत टेकडी तुमाले बंद. तुमच्या धुऱ्याच्या पुढं पाय टाकाचा नाई. कबूल?”

“कबूल,” साडू म्हणाले, आणि हातातल्या दुपट्ट्यानं त्यांनी डोळे पुसले. माझ्या पाहण्यात दंड झाल्यावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर सुखावलेला हा एकच माणूस. गिरजामायनं मान वळवली. “अन् किसन, उघडनीपरेंत थांबनं तुले कबूल?” किसननं मानेवरून हात फिरवला, पाटलाकडे पाहिलं आणि तोही कबूल म्हणाला. दुसऱ्या दिवशी टेम्पो रिकामा गेला. उघडणी होईस्तोवर किसन आणि त्याचे सोबती पाळीपाळीनं टेकडीवर राखण करत राहिले, त्यामुळे बाहेरच्यांचीही हिंमत झाली नाही.

मेडशीला परतताना साडू वाटेत भेटेल त्याला सांगत होते, “मले दंड झाला.” बैलगाडीवाल्याला सांगितलं, पानटपरीवाल्याला सांगितलं, मला बसमध्ये बसवताना कंडक्टरला सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं, तिकीट नव्हतं का, म्हणून विचारलं. घरी ताईंना मात्र बरं वाटलं. आता तरी हे घरात चार घटका बसतील, असं त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी टेकडीवर जायची वेळ झाली तसे ते उठले, चपला हातात घेतल्या आणि तशाच हातात धरून पायरीवर बसून राहिले. दंड म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं, असं ताई मला फोनवर सांगत होत्या.

मग त्यांनी धुऱ्यावर खाट टाकली. पुढचं वर्ष ते त्या खाटेवरच राहिले म्हणायला हरकत नाही. टेकडी पूर्वेला, त्यामुळे संध्याकाळी यांची सावली लांबत लांबत धुरा ओलांडायला बघायची. तशी ती बघू लागली की हे उठून खाट मागे ओढायचे. मी म्हणालो, “भाऊजी, सावलीला कुठला आलाय दंड?” तर म्हणाले, “माहीच हाये ना ते.” एकदा त्यांची शेळी टेकडीत शिरली, तर हे धुऱ्यावर उभे राहून तिला तासभर समजावत होते आणि शेळी वरून यांच्याकडे बघत पाला खात होती. मी त्यांना एकदा सरळच म्हटलं, चार पावलं आत जाऊन या, इथं कोण पाहतंय? “मी पाहून राह्यलो ना,” ते म्हणाले. जंगलातून येणारा-जाणारा प्रत्येकजण या खाटेशी थांबायचा. मोह गळायला लागला का, बेहडा कसा आहे, थोरल्या झाडाला मोहर आला का, सगळ्या झाडांची ख्यालीखुशाली ते विचारून घ्यायचे. किसन मोबाईलवर फोटो काढून आणू लागला, तेव्हा नवाच पेच उभा राहिला. फोटो पाहणं म्हणजे टेकडीवर जाणं होतं की नाही? त्यांनी डोळे मिटून घेतले आणि किसनला गिरजामायकडे विचारायला पाठवलं. तिचा निरोप आला, “फोटोत पाय टाकता येत नाई. पाहू द्या त्यायले.” तेव्हा कुठे डोळे उघडले.

हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. मुलांनी अकोल्याला नेलं. आठवडाभर दवाखान्यात होते. निघताना डॉक्टरांनी सांगितलं, आता चढ चढायचा नाही, कायमचा बंद. साडू हसले. “डॉक्टरसाहेब, मले थो पह्यलेच बंद हाये. उन्हाळ्यात उघडते.” ही बंदी उन्हाळ्यात उघडणारी नाही, हे त्यांना सांगायची माझीही छाती झाली नाही आणि ताईंचीही. त्यांच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात. दर महिन्याला मी स्वतः नेऊन देतो, पोस्टानं किंवा कुणाच्या हाती पाठवत नाही, आणि दर महिन्याला ते विचारतात, यंदा मोहर कसा आहे म्हणे?

यंदाच्या उन्हाळ्यात किसनचा निरोप आला, माय उद्या उघडते. मी आदल्या दिवशीच मेडशीला गेलो. सकाळी साडू धुतलेला सदरा घालून तयार होते. ताईंनी अडवायचा प्रयत्न केला, मी गोळ्यांची नावं घेऊन भीती घालून पाहिली, पण ते सावकाश चालत धुऱ्यावर आले. अगदी कडेला जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी वरपर्यंत चढ पाहिला. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो चढापुरता नाही हे गोळ्या देणाऱ्याला कळतंच, पण मला काही बोलावं लागलं नाही. ते आपणहून मागे फिरले आणि खाटेवर बसले. “साडभाऊ,” ते म्हणाले, “नाई जमनार.”

आम्ही वरच्या हाकेची वाट पाहत बसलो. हाक येईना. बऱ्याच वेळानं झाडांतून माणसं खाली येताना दिसली. पुढे काठी टेकत गिरजामाय, तिला धरून किसन, आणि मागे रिकाम्या टोपल्या घेऊन सगळी वस्ती. ती थेट धुऱ्यावर आली आणि खाटेशेजारी मातीत फतकल मारून बसली. तिच्या पदरात काळीभोर, पिकलेली फळं होती. साडू कावरेबावरे झाले. “हे काय माय? उघडनी वर करा लागते. थोरल्या झाडाखाली.”

“देवाले वाह्यलं वर. खाचं राह्यलं.”

“थे बी वरतेच खा लागते. टेकडीवर. माह्यासाठी नियम मोडू नोको माय.”

“कोन मोडून राह्यलं?” गिरजामाय म्हणाली. तिनं काठीचं टोक खाटेच्या खुराशी जमिनीत रोवलं. “टेकडी कुठून सुरू होते थे तुमी सांगान का आमी? इथून सुरू होते.”

साडूंनी त्या काठीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे, मग खाटेकडे. कायद्याचा माणूस, ते मनात काहीतरी जुळवत होते, आणि जुळलं तसा त्यांचा चेहरा भीतीनं पांढरा पडला. “इथून?” ते म्हणाले. “मंग माय, मी तं सालभर टेकडीवरच बसून होतो.”

“होय,” म्हणत गिरजामायनं एक फळ तोंडात टाकलं आणि सावकाश चघळलं. “आमाले दिसत होतं. कोनी उठवलं का तुमाले?”

तिनं बी बोटानं धुऱ्यावरच्या मातीत पुरली आणि हाक दिली. वस्तीतली माणसं बोलत, हसत, टोपल्या घेऊन वर चढू लागली. पदरातली राहिलेली फळं तिनं साडूंच्या ओंजळीत ओतली आणि किसनच्या खांद्याला धरून तीही त्यांच्यामागे निघाली. साडू फळं खात नव्हते. ओंजळ मांडीवर ठेवून नुसते बसले होते, आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. पुढची उघडणी ते पाहतील की नाही, याचा मला साधारण अंदाज आहे आणि तो चुकावा अशी माझी फार इच्छा आहे. मी पाणी हवं का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली, थोडं सरकून मला जागा करून दिली, आणि आम्ही दोघे साडू टेकडीवर बसून राहिलो.